अक्का कुठून येणार होती

अक्का जेवायच्या वेळेपर्यंत येणार होती. कुठून येणार, ते मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं. धुळ्याहून जळगावला यायला पारोळा-एरंडोलचा सरळ रस्ता आहे, बसमागून बस सुटते, पण माझी ही थोरली बहीण त्या रस्त्याने क्वचितच आली. कधी चाळीसगावपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून गाडी बदलायची. कधी शिरपूरकडून तापी ओलांडून चोपड्याला जायची आणि तिथून पुन्हा तापी ओलांडून आमच्या दारात उभी राहायची, चपला धुळीने भरलेल्या, पिशवीत वाटेत मिळालेलं काहीतरी. त्या दिवशी माझ्या बायकोने भरताची वांगी भाजून ठेवली होती आणि घरभर तो वास होता. मोबाइलवर अक्काचं नाव आलं तेव्हा मी हसतच फोन घेतला आणि विचारलं, आज कुठे भरकटलीस? पलीकडे एक अनोळखी पुरुष होता. त्याने हळू आवाजात विचारलं, "ह्या बाई तुमच्या कोण?"

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माझं ते हसत विचारलेलं वाक्य अजून कानातून जात नाही...

अक्का धुळ्यात मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. घर ते शाळा आणि शाळा ते घर, मधे भाजीबाजार. कित्येक वर्षं तिचं धुळं एवढंच होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यांचं सगळं तीच करायची, आणि त्याबद्दल तिने कधी तक्रार केलेली मला आठवत नाही. सासूबाई गेल्या, पाठोपाठ नोकरी संपली. मग एकदा ती पारोळ्याला एका लग्नाला निघाली आणि बोलण्याच्या नादात चुकीच्या बसमध्ये बसली. बस साक्रीची होती. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा चूक कळली. बस अजून गावातच होती, तो थांबवायलाही तयार होता. "मला उतरावंसंच वाटेना रे," असं तिने मला नंतर सांगितलं. तिने साक्रीचं तिकीट काढलं, तिथल्या बाजारात हिंडली, एका अनोळखी बाईबरोबर बसून शेव-मुरमुरे खाल्ले आणि दिवेलागणीला घरी आली. लग्नाचा आहेर पिशवीत तसाच होता. भाऊजींनी विचारलं तर म्हणाली, लग्न छान झालं. खरं काय ते तिने दोन दिवसांनी सांगितलं. भाऊजी रागावले नाहीत, पण त्यांना ते कळलंही नाही.

भाऊजींची तऱ्हा वेगळी होती, आणि त्यात वावगं काही नव्हतं. आयुष्यभर राबलेल्या माणसाला सुट्टीत पाय पसरून पडावंसं वाटणारच. मुलगा निखिल पुण्यात नोकरीला. तो दर वर्षी आईवडिलांना कुठल्यातरी चांगल्या रिसॉर्टवर घेऊन जायचा. अक्का जायची, सुनेशी गप्पा मारायची, नातवाला गोष्टी सांगायची. पण कोकणात एकदा सकाळी ती खोलीत नव्हती. शोधाशोध झाली, निखिल पार रडकुंडीला आला. दोन तासांनी ती बर्फाच्या पेट्या नेणाऱ्या टेंपोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून परत आली. बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेले होते, म्हणाली. आयुष्यात मासळी न चाखलेली बाई! निखिल त्या दिवशी तिच्याशी बोलला नाही. जळगावला आल्यावर तिनेच मला हे सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता थोडी गंभीर झाली. "सुरेश, सुट्टी वर्षातून एकदा येते. मधल्या दिवसांचं काय करायचं?"

मी तिच्याबरोबर फारसा हिंडलो नाही. मला वेळेवर जेवण लागतं, आणि माणसं काय म्हणतील याची भीतीही वाटते. सावद्याला मात्र एकदा गेलो होतो. ओळखीच्या घरचं काम उरकलं, बसला अवकाश होता, तर अक्का म्हणाली, केळीच्या बागेत आतून कधी चाललायस का? खान्देशात जन्म गेला तरी मी बांधावरूनच बाग पाहिलेली. मालकाला विचारून आम्ही आत शिरलो. पाच-पन्नास पावलांत आभाळ दिसेनासं झालं. वर पानांचं छत, खाली ओली माती आणि सगळीकडे तोच हिरवा अंधार. अक्का पुढे होती, मग दिसेनाशी झाली. मी हाक मारली. "अरे, इकडे," ती म्हणाली. मी तिकडे गेलो तर कोणी नाही. पुन्हा "इकडे"... आता आवाज पाठीमागून आला. पानं आवाज फिरवतात असं मालक नंतर म्हणाला. त्या वेळी मात्र मी घाबरून पानं बाजूला सारत फिरत राहिलो. आवाज अगदी जवळ होता आणि माणूस कुठेच नव्हतं. ती सापडली तेव्हा घडावर हात ठेवून शांत उभी होती. माझा चेहरा बघून तिने माझा दंड धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

ती गेल्यापासून मला तसंच होतं. बँकेच्या रांगेत, दाढी करताना, भर दुपारी ओट्यावर बसलेलो असताना पाठीमागून कोणीतरी "इकडे" म्हणतं. मी वळून बघतो. बायकोला मी हे सांगत असतो. एकदा ती म्हणाली, मलाही गेट वाजल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी अक्का अमळनेरच्या अलीकडे एका गावात उतरली होती. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. त्या गावात आमचं कोणी नाही, तिचं काही काम नव्हतं. तिथेच एका घराच्या ओट्यावर तिचं हृदय बंद पडलं. गावकऱ्यांनी जीप काढून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं; त्यांच्यातल्याच एकाने मला फोन केला होता. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या उजव्या हाताची बोटं पांढरी दिसत होती, नखांत काहीतरी वाळून बसलं होतं. ते काय असावं कोणालाच कळेना. निखिलला वाटलं ती मातीत पडून तडफडली असणार. तो ओल्या रुमालाने ती बोटं पुसत राहिला. डॉक्टर म्हणाले, हे कुठेही झालं असतं, स्वयंपाकघरातसुद्धा. निखिलला ते पटलं नाही. तेराव्याला सगळ्या माणसांदेखत तो म्हणाला, "मामा, सरळ बसने आली असती तर आज ती असती. तुम्ही सगळे तिचं कौतुक करत बसलात." त्या मुलाला काय सांगणार... माणसं पांगल्यावर भाऊजी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "ती तिथे एकटी होती का, तेवढं बघून या."

मी गेलो. घर रस्त्यालगतच होतं, बस थांबते त्याच्या समोर. घरच्या बाई अक्काच्याच वयाच्या असतील. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, खाट पुढे ओढली आणि आधी पाणी दिलं. मग जमेल तसं सांगत गेल्या. अक्का बसमधून उतरली आणि शेतातून नदीकडे जाणारी वाट बघत उभी राहिली. ही वाट कुठे जाते, असं तिने विचारलं. नदीपल्याडच्या गावाला जाते, तिथून अमळनेरची गाडी मिळते, असं बाईंनी सांगितलं. मग अक्का म्हणाली, चालतच जाते, पण जरा टेकते. तेव्हा बाई बिबड्या करत होत्या. शिजवलेलं ज्वारीचं पीठ ओल्या फडक्यावर थापायचं आणि उन्हात वाळवायचं. अक्काने हात धुतले आणि विचारल्याशिवाय त्यांच्या शेजारी बसली. दोघींनी मिळून पाटीभर पीठ संपवत आणलं. अक्का अहिराणीत बोलत होती, आमच्या आईच्या हातच्या बिबड्यांची गोष्ट सांगत होती. मधेच थांबली. छातीला हात लावला. बाईंनी तिला मांडीवर घेतलं.

"एकली नव्हती ती, भाऊ," बाई म्हणाल्या. "मी व्हतू ना."

मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. त्या दिवशीच्या बिबड्यांचं काय केलंत, असं काहीतरी मूर्खासारखं विचारलं. वाळल्या, डब्यात भरल्या, पण अजून कोणी तळल्या नाहीत, असं त्या म्हणाल्या. मग मी बाजूला जाऊन भाऊजींना फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं, बोटांवरच्या त्या पिठाचंही. ते ऐकत होते. घाबरली होती का, एवढंच त्यांनी विचारलं. मी फोन तसाच बाईंच्या हातात दिला. त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. नदीच्या वाटेने थोडा पुढे गेलो. दोन्ही बाजूंना दादर ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. वाट वळत होती आणि वळणापलीकडचं दिसत नव्हतं. खूप वेळ मी तिथे उभा राहिलो. परत आलो तेव्हा फोन खाटेवर होता. निखिलला मी सांगतो, असं भाऊजी म्हणाल्याचं बाईंनी सांगितलं.

निघताना त्यांनी मला ओट्याच्या पायरीपर्यंत सोडलं. काहीतरी बोलायचं होतं, ते शेवटी बोलल्या.

"बस उनी का मी आतेबी दखस, भाऊ... कोन उतरस म्हनीसन."

तासाभराची ओळख होती दोघींची, आणि अजून बस आली की कोण उतरतंय ते त्या बघत होत्या. मी हात जोडले आणि रस्ता ओलांडून थांब्यावर उभा राहिलो. थोड्या वेळाने बस आली, धूळ उडवत थांबली. चढण्याआधी मी मागे बघितलं. बाई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. बसचं दार उघडलं. उतरणारं कोणीच नव्हतं. मी चढलो, खिडकीशी बसलो, आणि बस हलली तरी त्या तशाच उभ्या होत्या, दाराकडे बघत.