दोन गोणी मीठ आणि एक कबुलीजबाब

किराणा दुकानात मिठाची गोणी दिसली की बिरवाडीची ती केस मला अजून आठवते, आणि हसावं की शरमावं हे आजही ठरत नाही.

तेव्हा माझी नेमणूक महाड भागात होती. सकाळची हजेरी आटोपून मी मुद्देमालाचं रजिस्टर तपासत बसलो होतो. तेवढ्यात बिरवाडीतली एक बाई धापा टाकत ठाण्यात आली.

"सायेब, आमच्या शेजारी वायरमन हाय ना, त्याची बायको आठ दिस दिसली नाय. आणि यानं परसात पुरुषभर खड्डा खणलान. त्यात दोन गोणी मीठ घातलान, कोळसा घातलान, बुजवलान. आता रोज सकाळी वरनं पाणी ओततो!"

प्रेताबरोबर मीठ का पुरतात, हे पोलिसाला सांगावं लागत नाही. ठाणे डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

वायरमन कारखान्यातून निवृत्त झालेला. पडवीत रंधा मारायचं मशीन बसवून पाट, स्टुलं बनवायचा. आम्हाला पाहताच म्हणाला, "तिनं तक्रार केली ना? वाटलंच मला." शेजारणीबद्दल बोलतोय, असं मी धरून चाललो. ठाण्यात आणून चौकशीला बसवलं.

"बोला, काय झालं?"

"चूक माझीच, साहेब. ती किंचाळली तेव्हा माझे डोळे उघडले."

"मग?"

"मग खड्डा खणला. आठ फूट. कमी खोल उपयोगाचा नाय."

"आणि मीठ?"

"कोळशाबरोबर थर लावले. सगळे तसंच करतात."

"सगळे?" हवालदाराचं पेन थांबलं.

"रोज पाणी कशाला?"

"ओल टिकायला. सुकलं की काम बिघडलं."

"बायको कुठे आहे?"

"वर गेली." त्यानं डोळे पुसले. "आता काय परत येत नाय."

अहो, इतका सरळ कबुलीजबाब मला उभ्या नोकरीत कुणी दिला नव्हता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पुरलेलं प्रेत उकरायचं तर दंडाधिकारी हवेत, म्हणून नायब तहसीलदारांना बोलावलं, दोन पंच घेतले आणि खणायला लावलं. अर्धी बिरवाडी कुंपणाशी गोळा झाली होती.

खाली पहार ठणकन वाजली. "हळू!" वायरमन ओरडला. "प्लेट हाय खाली!"

तांब्याची चौकोनी प्लेट निघाली. "ही कसली?" मी विचारलं.

"अर्थिंगची! मशीनचा शॉक जमिनीत उतरवायची, मीठ-कोळशात पुरतात ती! दुसरं काय असणार? मशीनला अर्थिंग करायचा मी कंटाळा केला. लादी पुसताना हिचा हात लागला, शॉक बसला. मशीन धड होईपर्यंत तोंड दाखवणार नाय बोलली आणि वर गेली, पोलादपूरच्या डोंगरात बहिणीकडं. तिथं फोनला रेंज पण नाय. तिनंच तुमच्याकडं तक्रार दिली असं वाटलं मला!"

नायब तहसीलदार आंब्याच्या झाडाकडे फार लक्षपूर्वक पाहत होते. माझं तोंड तर बघण्यासारखं झालं असणार.

जीप पाठवून वायरमनच्या बायकोला आणायला सांगितलं. तोवर आम्ही वायरमनच्या हुकमाखाली खड्डा पुन्हा भरला. हवालदारानं कोळशाचा थर विसरून मिठावर मीठ ओतलं, तर त्यानं त्याला चांगलंच झापलं.

बाई आल्या आणि पिशवी घेऊन अंगणातच थांबल्या. नवरा काकुळतीला आला. "आत ये गो. आता काय धोका नाय."

"मागं पण असंच बोललेलात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, मला जित्तेपणी पुरलंत ना तुम्ही? मग आता तुम्हीच मशीनला हात लावा."

मी ऐटीत पुढे झालो. मशीन चालू केलं, हात उचलला.

"बूट काढून," बाई म्हणाल्या.

शेवटी वायरमनचीच बायको ती! गुंडांच्या अंगावर मी धावून गेलोय, पण त्या लादीवर अनवाणी उभा राहिलो तेव्हा, देवाशपथ, आधी एकच बोट पुढे केलं. मशीनच्या पत्र्यावर पंजा टेकवला. काही झालं नाही. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, पिशवी नवऱ्याच्या हातात दिली आणि घरात गेल्या. त्याला रडू आवरेना.

समोरचा भडाभडा कबूल करायला लागला की आपण खूश होतो आणि विचारायचं तेच राहून जातं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक आरोपीला पहिला प्रश्न एकच विचारला, "बाबा रे, आपण नक्की कशाबद्दल बोलतोय?"