प्रभू घेईल का रं?

यंदा ईस्टरच्या पहाटे साताऱ्याच्या दफनभूमीत बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावली. वितळत्या मेणाचा वास आला आणि त्यांच्या शेवटच्या आजारातली एक संध्याकाळ आठवली.

वीज गेली होती. आईनं खाटेजवळ मेणबत्ती ठेवली होती. पलटणीतले त्यांचे जिवलग, माळकरी मारुतीकाका पलूसहून भेटायला आले होते. बाबांनी रविवारची उपासना कधी चुकवली नव्हती, तरी त्या दिवशी ते हळूच म्हणाले, "मारुती, केलेली पापं आठवत्यात. प्रभू मला घेईल का रं?"

काकांनी त्यांचा हात धरला. "बर्फात माझा पाय गेला, तवा तू मला पाठीवर घेऊन खाली आलास. माझं पाप-पुण्य इचारलंस व्हय? मग तुझा देव तुझ्यापरीस कमी मायेचा हाय का, गड्या?"

बाबा किती दिवसांनी हसले. त्याच आठवड्यात ते गेले, पण पुन्हा घाबरले नाहीत.

तेव्हा वाटलं होतं, काका नुसता धीर देताहेत. कृपेवरची प्रवचनं मी पुढे पुष्कळ ऐकली. कृपा समजली ती मात्र त्या खाटेपाशी.

आता काकाही नाहीत. प्रार्थनेत आभार मानताना मी दोघांची नावं एकत्र घेते. स्वर्गात त्यांची ताटातूट झाली असेल, हे मला खरंच वाटत नाही.