लाखेचे पाच हात आणि रूथ आंटीची मोटर

खोताच्या वाडीत पास्कल परेराचं घर शोधायला नंबर लागत नाही. ओट्यावर पाण्याचं पिंप दिसलं आणि पिंपाच्या काठाला मोटर अडकवलेली दिसली, की तेच घर. मोटर म्हणजे पंपाची नव्हे. होडीच्या मागे बाहेरून लावतात ती, आऊटबोर्ड. त्यातही पास्कलला साधी चालत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मुंबईच्या बंदरात काही हौशी माणसं होड्यांच्या शर्यती लावायची. त्या शर्यतीच्या मोटरी भंगारातून, माळ्यावरून, एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्यातून शोधून आणायच्या आणि परत चालत्या करायच्या, हा त्याचा उद्योग. त्याची बायको ब्रेंडा सांगते, "ह्या घरात माझा नंबर तिसरा. पहिली मोटर, दुसरं तिचं पिंप."

आमची ओळख शिवडीच्या एका बोटींच्या वर्कशॉपमधली. मी गावच्या शाळेत सातवी करून लालबागला मामाकडे आलो होतो, पास्कल माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दोघंही गणपत मिस्त्रीच्या हाताखाली. मी दोन वर्षांत पाने-हातोड्या मोजायला स्टोअरमध्ये गेलो, कारण माझ्या हातून स्क्रू सुटे तो थेट समुद्रात जाई. पास्कल मात्र मिस्त्रीचा चेला झाला. मिस्त्री नाकानं मोटर तपासायचा. कुठलंही मशीन आलं की आधी हुंगणार, मग पाना उचलणार. एकदा एका शेठच्या बोटीत नुसता वाकला आणि म्हणाला, इंजिनाला काही झालेलं नाही, फळीखाली बांगडा आहे. फळी काढली तर चार दिवसांचा बांगडा. शेठ ओशाळला, पण त्यानं मिस्त्रीला दिवाळीला मिठाई पाठवली.

मिस्त्री जाऊन तीस वर्षं झाली, तरी पास्कलच्या तोंडात अजून तोच. "मिस्त्री असं करायचा" म्हटलं की विषय संपला.

तर गेल्या फेब्रुवारीत वाडीतल्या रूथ आंटीनं त्याला बोलावलं. बाई शहाऐंशी वर्षांची. विशीत असताना तिनं बंदरात शर्यती मारलेल्या आहेत, पुरुषांच्या नाकावर टिच्चून. आता मुलाकडे कॅनडाला कायमची निघाली होती, तीन आठवड्यांवर विमान. सामान आवरताना जिन्याखालून गोणपाटात गुंडाळलेली तिची मोटर निघाली. दोन सिलिंडरची, रेसची, गंजानं लाल झालेली. तिनं पास्कलला एवढंच सांगितलं:

"मला हिचा आवाज ऐकायचाय. फोटो नको, पॉलिश नको. आवाज."

पास्कल हो म्हणून बसला. तीन आठवड्यांत असली मोटर कुणी उठवत नाही, चार महिने लागतात. पण तो मला नंतर म्हणाला की लहानपणी आईच्या कडेवर बसून त्यानं अपोलो बंदरावर ही बाई पाण्यावरून जाताना पाहिली होती. त्यानंतर त्याला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. आता तिला नाही कसं म्हणणार?

मी रोज लालबागहून बस पकडून जायला लागलो. मदत म्हणाल तर गप्पांची. त्यानं पिस्टन सोडवले, दोरी गुंडाळायची चकती घासली, स्पार्कची वायर नवी ओढली. शर्यतीच्या मोटरीला पेट्रोलात एरंडेल घालावं लागतं. ते आणायचं काम माझ्याकडे. आमच्या नाक्यावरच्या वाण्यानं पाच लिटरचा डबा पुढे सरकवताना विचारलं, सगळ्या चाळीचं पोट एकदम बिघडलं काय? मी म्हटलं, नाही रे, एकाच बाईचं, पण ती लोखंडाची आहे.

कार्बोरेटर राहिला होता. त्यात कॉर्कचा एक चपटा तुकडा असतो, फ्लोट. आपल्या पाण्याच्या टाकीत गोळा तरंगतो ना, टाकी भरली की नळ बंद करतो, तसंच. पेट्रोल चढलं की कॉर्क वर येतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. कॉर्कनं पेट्रोल पिऊ नये म्हणून त्याला लाखेचे हात द्यायचे. मिस्त्रीनं शिकवलेले तीन हात. पास्कलनं लाख स्पिरिटात विरघळवली, उंटाच्या केसांच्या ब्रशनं एकेक हात दिला, सुकवला. शनिवारी पिंपात मोटर लावली. दोरी ओढली आणि अख्खी वाडी दारात आली. ब्रेंडानं कानात बोटं घातली, पण हसत होती.

रविवारी वरळी कोळीवाड्यात शिवाच्या होडीला ती लावली. शिवा म्हणजे पास्कलचं जुनं गिऱ्हाईक, मासेमारी करणारा कोळी. मोटर सुरू झाली, धक्क्यापासून वीस हात गेली, मग पेट्रोल बाहेर ओघळायला लागलं. पांढरा धूर झाला आणि ती मेली. शिवानं वल्हं मारत होडी परत आणली. धक्क्यावरच्या बायका पास्कलला विचारत होत्या की बाबा, मच्छर मारायला आलात का.

पास्कलनं घरी जाऊन कार्बोरेटर उघडला. कॉर्क पेट्रोल पिऊन बुडाला होता, म्हणून वाट उघडीच राहिली होती. हात कमी पडले, असं तो म्हणाला, आणि तीनच्या जागी लाखेचे पाच हात दिले. पुढच्या शुक्रवारी परत वरळी. या वेळी होडी चाळीस हात गेली. मग तेच.

आता विमानाला चार दिवस उरले होते. मंगळवारी पहाटे रूथ आंटी जाणार.

शिवा दोरी गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाला, "काका, आमचे पण रबरी पाइप फुगतात हल्ली. पेट्रोल बदललंय. त्यात स्पिरिट घालतात."

पास्कल जागच्या जागी थांबला. लाख कशात विरघळते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? स्वतःच्या हातानं बाटलीत स्पिरिट ओतून विरघळवली होती त्यानं. आणि तीच लाख लावलेला कॉर्क त्यानं रात्रभर स्पिरिटवाल्या पेट्रोलात भिजत ठेवला होता, दोनदा. पण कळलं म्हणून मान्य होतं असं नाही. घरी आल्यावर तो म्हणाला, कॉर्कला लाख, मिस्त्रीनं हेच शिकवलंय, दुसरं मला येत नाही, रूथ आंटीला जाऊन नाही म्हणून सांगतो. टोपी घालून उठलासुद्धा.

मी त्याला इतक्या वर्षांत कधी कामातलं काही सांगितलं नव्हतं. स्क्रू समुद्रात टाकणाऱ्या माणसानं सांगू नये. त्या दिवशी मात्र सांगितलं.

"पास्कल, मिस्त्री असता तर त्यानं आधी पेट्रोल हुंगलं असतं. लाखेचं नंतर."

त्यानं टोपी काढून खुर्चीवर ठेवली. "बाबल, तू स्टोअरमध्येच बरा होतास," म्हणाला. म्हणजे पटलं होतं.

कॉर्क नको तर काय, हा प्रश्न होता. पोकळ पितळेचा फ्लोट चालतो, पण ह्या मापाचा आता जगात कुठे मिळणार? तेव्हा मला आमच्या चाळीतली बकुळा आठवली. पहिल्या मजल्यावर राहते, गणपतीच्या मूर्तींसाठी पितळी मोदक आणि जास्वंदी बनवते. कागदासारखा पातळ पत्रा ठोकून दोन अर्धे करायचे, डाग देऊन जोडायचे, आत पोकळ. मूर्तीच्या हातावर वजन पडता कामा नये ना. आणि डाग नीट बसला की नाही ते बघायला ती मोदक गरम पाण्यात बुडवते. बुडबुडा आला तर मोदक परत तापवायचा.

पास्कलला घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं कॉर्क हातात घेऊन फिरवला.

"कुठल्या मंडळाचा?"

"होडीचा," पास्कल म्हणाला.

"मग कळ्या नकोत?"

"कळ्या नकोत, बाय. फक्त तरंगला पाहिजे."

पहिल्या फ्लोटला बुडबुडा आला. दुसऱ्यालाही, एकच, बारीक. पास्कल तिच्या हाताकडे असा बघत होता जसा एके काळी मिस्त्रीच्या हाताकडे बघायचा. तिसरा गरम पाण्यात तासभर ठेवला, काही आलं नाही. कॉर्कपेक्षा हलका झाला होता, त्याचं बकुळाला कौतुक वाटत होतं. पास्कलनं तो फ्लोट रुमालात गुंडाळून खिशात घातला. लाखेची बाटली त्यानं ब्रेंडाच्या खुर्च्यांना लावून संपवली.

रविवारी सकाळी भरती होती. रूथ आंटी टॅक्सीतून उतरली ती पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. कोळीवाड्याच्या बोळात दोन बायकांनी तिला हात दिला, तिनं तो सोडवून घेतला. शिवानं धक्क्यावर खुर्ची मांडली. ती बसली, काठी आडवी मांडीवर.

पास्कलनं दोरी ओढली. नाही. परत ओढली. नाही. चौथ्यांदा मोटर पेटली आणि कावळे उडाले. होडीचं नाक वर झालं. वीस हात गेली, चाळीस गेली, मी मनात मोजत होतो, मग मोजणं सोडलं. सी लिंकच्या दिशेनं सरळ रेघ मारत गेली, किल्ल्यासमोरून वळली आणि परत आली. धूर नाही, पेट्रोल ओघळलं नाही. धक्क्यावरच्या त्याच बायका टाळ्या वाजवत होत्या. बकुळाही आली होती. तिनं माझा दंड इतका दाबला की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

पास्कलनं मोटर बंद केली आणि वर रूथ आंटीकडे बघितलं. ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, रडते की काय.

"वेगात गेली की तिचा गळा आवळतो," ती म्हणाली. "पेट्रोल कमी पडतंय. तुला ऐकू आलं नाही?"

शिवा हसायला लागला. पास्कल हसला नाही. विचारात पडला. फ्लोट हलका, म्हणजे वर तरंगणार, म्हणजे वाट लवकर बंद करणार. "बरोबर आहे, आंटी," तो म्हणाला. "मी हिच्यावर बसून ऐकत होतो."

"मी नेहमी लांबून ऐकायला एक माणूस उभा करायचे. तू कुणाला करतोस?"

मिस्त्री गेल्यापासून पास्कलच्या मोटरीत चूक काढणारं कुणी उरलंच नव्हतं. आम्ही सगळे वा वा करणारे. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही आलं, ते मी वर्कशॉपमध्ये असताना पाहिलं होतं, मिस्त्री ओरडायचा तेव्हा. आनंदच तो.

रूथ आंटी उठली. पायऱ्या शेवाळलेल्या, आम्ही चौघं नको नको म्हणतोय, ती खाली उतरून होडीपाशी. हात पुढे केला. पास्कल आपला स्क्रू-ड्रायव्हर कुणाला देत नाही, मला तर नाहीच नाही. त्यानं तो पुसून तिच्या हातात ठेवला. तिनं पेट्रोलचा स्क्रू पाव फेरा सैल केला, थोडा विचार केला, मग आणखी जरासा.

"आता ओढ."

पहिल्याच ओढीला लागली. या वेळी पास्कल एकटा नव्हता होडीत. ती त्याच्या पुढ्यात बसली होती, काठी माझ्याकडे फेकून. वळणावर ती उजवीकडे झुकली, त्याला न सांगता, आणि होडी तिच्याबरोबर झुकली.