हेडफोनची डावी बाजू

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं हसू येईल की नाही याची मला खात्री नाही. मला तरी आलं नाही. मूर्खपणा सगळेच करतात हो! पण सेलूच्या बसस्टँडसमोर, भर दुपारी, माणसं गोळा करून मूर्खपणा करणारा इसम बघायचा असेल, तर तो हा तुमच्यापुढं बसलाय. चहा घ्या, थंड होतोय.

मी जिनिंगमधला माणूस. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींवर सव्वीस वर्षं फिटर होतो. त्या खडखडाटात माणूस माणसाशी हातवाऱ्यांनी बोलतो. पण मी दारातूनच सांगायचो, "तीन नंबरचं बेअरिंग चाल्लं बरं का!" आणि खोललं की ते खराब निघायचंच. मग काय, नाव झालं! कोणाची पाण्याची मोटर घरघरली, बोलवा सुधाकरभाऊले. कोणाचा मिक्सर वेगळा वाजला, बोलवा सुधाकरभाऊले. नोकरी संपली, पण कानाचा मान संपला नाही.

पुरुषोत्तम माझा पहिल्या वर्गापासूनचा दोस्त. आयुष्यभर दुसऱ्याच्या गोदामात पेट्या उचलल्या बिचाऱ्यानं. पन्नाशी उलटल्यावर हिंमत केली आणि बसस्टँडसमोर छोटं दुकान टाकलं. मोबाईलचे कव्हर, चार्जर, असलं सगळं. मी रोज सकाळी दहाला तिथं जाऊन बसायचो. बसायचो म्हणजे काय, सल्ला द्यायचो. कोणी मागितला होता का? विचारू नका.

एक दिवस त्याला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. जवळच स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे, तिच्या लोणकर मॅडमना चाळीस हेडफोन हवे होते. स्वस्तातले, पण आवाज साफ पाहिजे आणि पोरांच्या हातात टिकले पाहिजेत. पुरुषोत्तमनं नागपूरहून खोकं आणलं, आणि पहिला फोन कोणाला केला?

"सुधाकर, ये लवकर. तू पाह्यल्याशिवाय मी मॅडमले माल देत नाई."

बघा, किती विश्वास!

मी गेलो. आधी मजबुती बघायची म्हणून डोक्यावरची कमान दोन्ही हातांनी ताणली. कट्! तुटली.

"पाह्य," मी म्हटलं, "तकलादू माल हाये."

"अबे, डोक्यावर घालाची वस्तू हाये ते! ट्रॅक्टरचा टायर हाये का ताणाले?"

दुसरा घेतला. तो पिळला. तोही गेला. तिसऱ्याला पुरुषोत्तमनं हात लावू दिला नाही, स्वतःच माझ्या कानांवर चढवला आणि भजन लावलं. मी डोळे मिटले. मृदंग छान, टाळ छान, पण सगळं उजवीकडून. डावीकडून आवाज असा, जणू कोणी शेजारच्या घरात रेडिओ लावून वर गोधडी टाकली आहे.

"डावी बाजू कमी हाये," मी निकाल दिला.

"आं? मी तं आयकला ना. बरोबर हाये दोन्हीकून."

"दुसरा लाव."

चौथा तसाच. सातवा, अकरावा, सगळे तसेच! पुरुषोत्तमनं पुन्हा स्वतः लावून पाहिला. डोकं इकडं कलवलं, तिकडं कलवलं. "मले तं सारखाच येऊन राह्यला आवाज."

आणि इथं मी काय म्हणालो ते ऐका. म्हणालो, "तुये कान भजनाचे हायेत, लेका. माये कान मशीनचे हायेत. तुले नाई समजाचं."

माझ्या शब्दापुढं त्या माणसानं स्वतःचे चांगले, धडधाकट कान खोटे ठरवले!

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी एक हेडफोन लावला, दोन मिनिटं ऐकला आणि म्हणाल्या, "चांगला आहे की. साफ येतोय आवाज."

आता गप्प बसावं की नाही? पण नाही! मी खुर्ची पुढं ओढली. "मॅडम, आता नाई समजत तुमाले. पण पोरं दिवसभर एकाच बाजूनं आयकतीन. एका कानावर भार येईन. उद्या कोणाच्या पोराचा कान गेला तं जबाबदार कोण?"

काउंटरवर कव्हर बघणारी दोन माणसं थांबून ऐकायला लागली. मॅडमचा चेहरा उतरला. "नको मग," त्या म्हणाल्या. "तुम्ही नीट बघून घ्या आधी. मी थांबते आठ दिवस."

त्या गेल्यावर पुरुषोत्तम हळूच म्हणाला, "तिच्यापुढं बोलाले नोको होतं बे."

"तुया नावासाठीच बोललो ना! खराब माल देऊन नाव घालवशीन का?"

त्यानं खोकं बदलून आणलं. नवा माल, दुसरी पेटी. मी ऐकला. डावी बाजू कमी! घरून तारांना डाग द्यायचा कैया आणला, एक हेडफोन खोलला, डावीकडच्या तारा पुन्हा जोडल्या, परत ऐकला. तरी कमी! आता सांगा, शहाण्या माणसाला इथं शंका आली असती की नाही? दोन वेगवेगळ्या पेट्या, प्रत्येक नग डावीकडूनच कसा मेला? मला शंका आली. जोरदार आली. व्यापाऱ्याची आली.

"जाणून फसवून राह्यला तो," मी जाहीर केलं. "चाल नागपूरले. मी बोलतो त्याच्याशी."

"आपल्याले उद्या मॅडमले सांगा लागते, सुधाकर. ते ऑनलाइन मागवतो म्हणत होती."

"उद्याचं उद्या पाहू. चाल तू."

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत त्या शेटजीचं दुकान. पांढऱ्या केसांचा, शांत म्हातारा. मी आत शिरलो तोच मोठ्या आवाजात. जिनिंगमधली सवय. "शेटजी, ये क्या लगाया है? पूरे माल की बायीं साइड डाउन है! सव्वीस साल मशीन पे निकाला है मैंने, मेरे को मत सिखाओ!"

गिऱ्हाइकं वळली. पुरुषोत्तम मागून माझा शर्ट ओढत होता.

शेटजीनं वाद घातला नाही. एक हेडफोन घेतला, माझ्या कानांवर लावला, गाणं सुरू केलं. "कौन सी साइड कम है?"

"बायीं!"

त्यानं तो काढला, उलटा केला आणि परत लावला. म्हणजे आधी डाव्या कानावर होती ती वाटी आता उजव्यावर, आणि उजवी डाव्यावर. "अब?"

मी ऐकलं. जी वाटी मेली म्हणून मी आठ दिवस बोंबलत होतो, ती उजव्या कानात खणखणीत वाजत होती. आणि जी खणखणीत होती, तिच्यावर डाव्या कानाशी गोधडी पडली होती.

"अब कौन सी कम है, भाईसाब?"

माझ्या तोंडातून कसाबसा शब्द निघाला. "बायीं."

दुकानातली पोरं खी खी करून हसली. शेटजी नाही हसला. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं हेडफोन पुसून डब्यात ठेवला आणि म्हणाला, "गारंटी मैं हेडफोन की देता हूँ. कान की नहीं देता." मग पुरुषोत्तमकडं वळून म्हणाला, "माल अच्छा है. ले जाइए. और अगली बार अकेले आइए."

पुरुषोत्तमचा फोन तेव्हाच वाजला. मॅडमचा होता. त्यांनी चाळीस हेडफोन ऑनलाइन मागवले होते. "बरं मॅडम. काई हरकत नाई मॅडम," तो म्हणत होता, आणि माझ्याकडं बघत नव्हता.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला, मी त्याच्या उजवीकडं. म्हणजे तो माझ्या डाव्या हाताला आला. गाडी सगळ्या पत्र्यांनिशी खडखडत निघाली. बुटीबोरीच्या पुढं कधीतरी तो बोलायला लागला. खिडकीबाहेर बघत, हळू आवाजात, थांबत थांबत. मला ऐकू काय येत होतं? गाडीचा खडखडाट, आणि त्याच्या खाली एक गुणगुण.

आता मी सरळ म्हणायचं की नाही, ‘बाबा, या कानानं नाई आयकू येत, इकडून बोल’? दोन तासांपूर्वी भर दुकानात शोभा झालेली. परत त्याच्यापुढं कान वळवायचा? नाही जमलं. मी मान हलवली. म्हटलं, "हो."

तो आणखी बोलला.

"हो हो," मी म्हटलं.

मग त्यानं माझ्याकडं वळून काहीतरी विचारलं. चेहरा जरा मऊ दिसला. मला वाटलं, माफ केलं बुवा यानं. मी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "बरोबर हाये तुयं. एकदम बरोबर."

सेलूला उतरल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. मी घरी येताना जवळजवळ गुणगुणत आलो.

घरी सुमनला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाच वर्सं झाले, उजवीकडं येऊन बोला लागते तुमच्याशी."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं होतं. डावीकून सांगितलं असन."

दुसऱ्याच दिवशी तिनं मला वर्ध्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी मला एका बंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आणि कानांवर काय चढवलं? हेडफोन! मी सवयीनं आधी कमान चाचपली. मजबूत होती. गाद्या जाड. उजवीकडून टीं टीं आवाज आले, मी दाबत गेलो. मग सगळं शांत. मी वाट बघितली. बरीच वाट बघितली. शेवटी काचेवर टकटक केलं.

"मॅडम, दुसऱ्या कानाचं चालू करा ना."

बाईंनी दार उघडलं. "काका, दुसऱ्या कानाचं केव्हाचं चालू आहे."

सव्वीस वर्षं जिनिंगची मशीन माझ्या डाव्या हाताला होती, तिच्या खडखडाटानंच तो कान गेला, असं बाई म्हणाल्या. म्हणजे मशीन डावीकडं होती हे मीच सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. एका कागदावर दोन रेघा काढून दिल्या. उजव्या कानाची रेघ बऱ्यापैकी आडवी. डाव्याची अशी खाली उतरत गेलेली, जणू विहिरीत शिडी सोडली.

तो कागद घेऊन मी पुढच्या दिवशी सकाळी दहाला पुरुषोत्तमच्या दुकानात गेलो. तर्री-पोह्याचे दोन पुडे बांधून घेतले होते. मनात म्हणत होतो, कागद बघून हसेल लेकाचा, दोन शिव्या देईल, पोहे खाऊ, मिटलं.

खुर्ची नव्हती.

माझी रोजची प्लास्टिकची खुर्ची त्यानं आत नेऊन ठेवली होती. तिच्यावर हेडफोनची खोकी रचली होती.

"काऊन आला?" तो म्हणाला. यावेळी मी उजवा कान पुढं केला होता, म्हणून स्पष्ट ऐकलं.

"म्हणजे?"

"परवा एसटीत काय बोललो मी तुले?"

मी पुडे या हातातून त्या हातात घेतले.

"म्हणलं होतं, लहानपणापासूनची दोस्ती हाये, ते राहू दे. पण दुकानात येत नोको जाऊ आता. गिऱ्हाईक तुटते माये. म्हणलं, राग तं नाई ना आला? तू म्हणला, बरोबर हाये तुयं. एकदम बरोबर. मले इतकं बरं वाटलं होतं, सुधाकर! रात्री घरी सांगितलं मी, का सुधाकर समजून घेते म्हणून."

मी कागद काउंटरवर ठेवला. "मले आयकूच नोतं आलं रे. हे पाह्य, डॉक्टरनं लिहून देल्लं."

त्यानं कागद पाहिला. दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. हसला नाही.

"आयकू नाई आलं," तो म्हणाला, "तं हो काऊन म्हणला?"

तुम्हीच सांगा. मी जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं, मोटरींपाशी, मिक्सरांपाशी, लोणकर मॅडमपुढं, त्या शेटजीपुढं, कधी कोणाला ‘मला नाही कळलं’ असं म्हणालो होतो का?

पोह्याचे पुडे ठेवले आणि वळलो. दोन पावलं गेलो असेन, तर मागून, डाव्या बाजूनं, त्याचा आवाज आल्यासारखा वाटला. मी थांबलो. वळलो. आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "काय म्हणला रे? आयकू नाई आलं मले."

"काई नाई," पुरुषोत्तम म्हणाला, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवायला लागला.