जाऊबाईंचा कोरियावाला

"काकू, माय गेली," पुतण्या दवाखान्याच्या वाटेवरून फोनवर एवढंच बोलला. कापूस वेचताना जाऊबाईंना साप चावला, आणि वणीच्या दवाखान्यात पोहोचायच्या आतच... मारेगावजवळच्या आमच्या शेतात रीतीप्रमाणे पहिल्या झाडाला दहीभात वाहून वेचणी सुरू केली, त्याला फार दिवसही झाले नव्हते.

थोरल्या जाऊबाई, इंदूबाई, वेचता वेचता पिक्चर सांगायच्या. मोबाइलवर हिंदीतून पाहिलेले, सगळे प्रेमाचे आणि सगळे एकाच कोरियन दिग्दर्शकाचे. त्याचं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. "माहा कोरियावाला" म्हणायच्या. ओळीतली एकही बाई मागे रेंगाळत नसे, कारण मागे राहिली की गोष्ट ऐकू येत नसे.

त्या माणसाची सगळी कारकीर्द आम्हाला तोंडपाठ होती. आधी कॉलेजातली पोरंपोरी, मग त्याचं वय वाढलं तशी संसार मोडलेली माणसं, आणि अलीकडे एक म्हातारं जोडपं. मधले काही पिक्चर पडले म्हणे, तेव्हा जाऊबाई घरचं पोर नापास झाल्यासारख्या उदास होत्या. पण पिक्चर कोणताही असो, शेवटी कोणीतरी मरायचंच. "एकदा तरी लग्न होऊ द्या ना त्याईचं," मी चिडून म्हणाले. "त्यानं मारला, मी कायले जिता करू?" असं म्हणून त्या पुढच्या झाडाकडे वळल्या.

आमच्याकडे वेचायला येणाऱ्या रेखाचा नवरा आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात कोळशाच्या ट्रकखाली गेला. ती रडली नाही. बाई की दगड, असं तिची सासू उघड बोलायची. एका दुपारी जाऊबाई बोटीवर कामाला गेलेल्या नवऱ्याचा पिक्चर सांगत होत्या. बायकोनं ताट झाकून ठेवलं, अन् तिकडं बोट बुडाली... रेखा मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. जाऊबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, पुढचं सांगत राहिल्या. जाऊबाईंचे नवरे, माझे थोरले दीर, बांधावरून धावत आले.

"काय झालं?"

"काही नाही. पिक्चरातला मानूस मेला."

दीर हसले आणि परत गेले.

जाऊबाईंची तेरवी झाल्यावर मी त्यांच्याच मोबाइलवर ते पिक्चर पाहायला घेतले. एकातही कोणी मरत नाही. बोटीवरचा नवरा घरी येतो, थंड झालेलं जेवतो. म्हातारं जोडपं बागेत हातात हात घेऊन बसतं. मला आधी रागच आला, इतकी वर्षं आम्हाला फसवलं म्हणून. मग रेखा रडली त्या संध्याकाळी घरी येताना त्या जे बोलल्या, ते आठवलं... "आपल्या मानसासाठी रडलं त लोक मोजते वो. किती रडली, कवा थांबली. पिक्चरसाठी कोन मोजते?"

पुढच्या वेचणीला ओळ गप्प होती. दीर बांधावर बसून होते. बायको गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलं नव्हतं, आणि गावात त्यावर बोलणं सुरू झालं होतं. रेखाच म्हणाली, "तुमी सांगा ना एखादा."

मी कोरियावाल्याचा नवा पिक्चर सांगितला, जाऊबाईंना सांगायचा राहिलेला. दीरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. खऱ्या पिक्चरात नवरा आजारी बायकोला दवाखान्यात नेतो, आणि ती बरी होऊन परत येते. सांगता सांगता मी ते दोघं दवाखान्याला निघाले इथवर आले.

"मंग?" रेखानं विचारलं.

"रस्त्यातच मेली," मी म्हणाले.

बायकांचे हात थांबले. थोड्या वेळानं दीर उठून आमच्या ओळीत आले, खाली बसले आणि रडायला लागले. त्यांना कोणी काही विचारलं नाही.