माळ विणताना

पांढऱ्या कांद्याची माळ विणायला घेतली, की सुकत्या पातीच्या वासाने मला नागावच्या आमच्या वाडीतली ती दुपार आठवते. लेक कॉलेजात नुकतीच विभागप्रमुख झाली होती आणि त्याचं प्रशिक्षण घेऊन आली होती. तासिकेवर शिकवणाऱ्या एका बाईंना यापुढे काम नाही, हे तिला सोमवारी सांगायचं होतं. "आई, तू त्या बाई हो, मी बोलून बघते," म्हणाली आणि माझ्यासमोर पायरीवर बसली. "तुमचं शिकवणं मुलांना फार आवडतं," असं बराच वेळ चाललं. मी म्हटलं, "काढायचंय ना तिला? मग सांग की सरळ." "तसं नसतं गो आई. आधी चांगलं बोलायचं, मग वाईट, मग परत चांगलं. तिथे तसंच शिकवलंय." वाईटाशी आली की तिला रडू फुटायचं. मी माळ विणत होते, ती पुन्हापुन्हा बोलत होती. दिवेलागणीला तिचा आवाज सरळ झाला. वाडी विकायचं हल्ली घरात चाललंय. परवा ती आली, अंगणात बसली आणि म्हणाली, "अशी माळ दुसऱ्या कुणाला जमत नाही, आई." मी हातातली पात सोडली. "वाडीला गिऱ्हाईक आलं का?" ती हो म्हणाली. रडली नाही.