कपाटाच्या दारावरचा कागद

हे मी कोणालाच बोललो नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अनोळखी; तुमच्यासमोर मला उद्या उठून बसायचं नाही.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा ठिबक सिंचनाचे कंट्रोलर बनवायचा छोटा कारखाना. मोठ्या बोर्डावर कार्डं बसतात — एक पंपाचं, एक व्हॉल्व्हचं, असं. प्रोसेसर प्रत्येकाला त्याच्या पत्त्यावर हाक मारतो. ही सगळी जोडणी आमची घरचीच, त्यामुळे कोणाचा पत्ता कुठून कुठपर्यंत, हे कुठल्या पुस्तकात नाही. कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवलाय, त्यावर पेन्सिलीनं. ज्यानं जागा घेतली त्यानं लिहायची, एवढाच नियम.

पंपाचं कार्ड माझं. व्हॉल्व्हचं प्रज्ञाचं — बोदवडची मुलगी, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. नशिराबादच्या शेतावर तिचं कार्ड चाललं की ती कायम होणार होती. आल्या आल्या तिनं मालकांसमोर, म्हणजे नानांसमोर, माझी एक चूक दाखवली. अगदी नम्रपणे. बरोबरच होतं तिचं — म्हणून तर नाकाला मिरच्या झोंबल्या.

पुढे मला रीडिंग साठवायला जागा कमी पडली. मी माझ्या कार्डाच्या पत्त्यांची हद्द दुप्पट केली. शेजाऱ्याचा बांध कोरतात ना, तसा — आणि शेजारी ती होती. कागदावर लिहिलं नाही. विसरलो होतो? हो, पहिला दिवस विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिचं कार्ड बंद व्हॉल्व्ह चालू दाखवायला लागलं. तिच्या पत्त्यावर हाक मारली की माझंही कार्ड ओ देत होतं — मला बघताक्षणी कळलं. आणि मी चहा प्यायला गेलो.

एकोणीस दिवस ती शोधत होती. चिपा बदलल्या, सोल्डरिंग पुन्हा केलं. कपाटासमोर उभी राहून त्या कागदावर बोट फिरवायची — माझ्याच खोट्या कागदावर! एकदा विचारलं, "सर, तुमचं कार्ड काढून बघू का?"

"गरज नाही. आधी स्वतःचं नीट बघ."

मजा येत होती मला. ती जेवण सोडून बोर्डावर वाकलेली असायची आणि मला डबा गोड लागायचा. नाना हळहळले, "पोर हुशार शे, पन हातले यश नही." तिथं तरी गप्प बसायचं की नाही? मी म्हणालो, सवलतीवर पास झालेल्यांचं असंच असतं नाना. तिचे मार्क माझ्याहून जास्त होते. तिची मार्कशीट मीच तपासली होती.

नशिराबादला सगळ्यांसमोर तिचं कार्ड फसलं. नानांनी तिला कामावरून थांबवलं. जाताना तिनं तिची वही माझ्याकडे दिली — दोष सापडला तर तेवढं कळवा, म्हणाली.

आठवड्यानं मी माझी हद्द होती तिथं आणली. तिचं कार्ड गुमान चालायला लागलं. नानांनी माझी पाठ थोपटली, ती मी थोपटून घेतली.

वही नंतर उघडली. काय काय तपासलं त्याची यादी, प्रत्येकासमोर बरोबरची खूण. शेवटची ओळ — 'सरांचं कार्ड काढून बघणे.' ती तिनंच खोडली होती. समोर लिहिलं होतं, 'सर म्हणाले गरज नाही.'

त्याखाली तिचा फोन नंबर आहे. मी तो लावलेला नाही.